पमीनं विमानानं यावं का

पुंडलिकनगर, औरंगाबाद
२ सप्टेंबर १९९६

चि. पमीस,
अण्णाचा आशीर्वाद, आणि आजपासून एक नाही, तीन.

तुझं पाकीट शनिवारी मिळालं. आतला तुझ्या पोटाचा तो काळा फोटो मी आधी उलटा धरला, मग सुलटा. दोन्हीकडून मला पावसाळी आभाळच दिसलं. शेवटी शेजारी तात्यासाहेबांकडे गेलो. त्यांनी भिंग लावून पेन्सिलीच्या टोकानं दाखवलं, हे एक डोकं आणि हे दुसरं. मी खुर्चीवर बसून घेतलं. घरी येऊन तुझ्या मायला दाखवलं, तर ती म्हणाली, "मला काय दावता? एकाला एवढ्या ओकाऱ्या होत नसत्यात." असं म्हणाली खरी, पण नंतर देव्हाऱ्याकडे तोंड करून बसली ती पाव तास हलली नाही.

सदतीस वर्षं मी या शहराच्या पाण्याच्या चाव्या फिरवल्या. एका मेन लाईनवर दोन कनेक्शनं दिली की दाब निम्मा होतो, हे मला कुणी शिकवायला नको. पण इथं एकाच आईच्या रक्तावर दोन जीव वाढतात आणि दोघांनाही पुरतं, हे काही केल्या माझ्या डोक्यात मावत नाही. पाणी पिताना मध्येच आठवतं आणि पेला तसाच हातात राहतो.

तू विचारलंस की पहिलं बाळंतपण माहेरी, तर कलकत्त्याहून विमानानं येऊ का. मुंबईला एक विमान बदलायचं आणि त्याच दिवशी चिकलठाण्याला उतरायचं. जावईबापू बद्रीनाथरावांनाही तेच बरं वाटतं असं लिहिलंस. पमे, मला विचार करू दे. वर गेलं की हवेचा दाब कमी होतो, असं तात्यासाहेब म्हणतात. दाब एकदम कमीजास्त झाला की जुन्या पाईपाचं काय होतं, ते मी पाहिलेलं आहे.

आणखी एक. डॉक्टरीणबाईंना विचार, महिने मोजताना त्यांनी धोंड्याचा महिना धरला आहे ना? यंदा दोन आषाढ झाले. हे आधी विचार, बाकीचं मागाहून.

फोन करू नको. तात्यासाहेबांच्या दिवाणखान्यात सगळ्यांसमोर मला बोलता येत नाही, आणि त्यांच्या फोनमध्ये तू घागरीतून बोलल्यासारखी येतेस. लिहीत जा.

तुझा अण्णा


कलकत्ता
१३ सप्टेंबर १९९६

ती. अण्णा आणि माय,
दोघांना नमस्कार. वाकता येत नाही म्हणून उभ्यानंच.

धोंड्याचा महिना डॉक्टरीणबाईंना हिंदीत कसा सांगायचा, यात आमची एक अख्खी संध्याकाळ गेली. शेवटी सांगितला. त्या बंगाली, त्यांना काही समजेना. समजलं तेव्हा म्हणाल्या, वडिलांना कळवा, आम्ही महिने मोजतच नाही. आठवडे मोजतो, आणि आठवड्यांत अधिक काही येत नाही. सध्या तेविसावा चालू आहे.

विमानाचंही विचारलं. दाबाची काळजी करू नका म्हणाल्या. आतला दाब धरून ठेवायची सोय असते. मात्र जुळं असलं की बत्तीस आठवड्यांनंतर त्या प्रवासाचा दाखला देत नाहीत. ह्यांना कारखान्यातून दिवाळीच्या आधी सुट्टी मिळेल. तेव्हा मी तिसाव्यात असेन. म्हणजे दसऱ्यापर्यंत तिकिटाचं ठरायला हवं. विमान नकोच असेल तर रेल्वे आहे. दीड दिवसात जळगाव, तिथून जीप करून सिल्लोड, फुलंब्री, घर. आपल्या गावावरूनच येईन.

तुमची भीती कधीची आहे ते मला माहीत आहे. पोलीस ॲक्शनच्या वेळी फुलंब्रीवरून विमानं गेली तेव्हा तुम्ही ज्वारीत पालथे पडला होता, हे माय अजून सांगते. आता विमानं फक्त माणसं आणतात, अण्णा.

काल एक गंमत झाली. डावीकडच्यानं लाथ मारली की उजवीकडचं गप्प राहतं. मग थोड्या वेळानं ते मारतं आणि डावीकडचं थांबतं. मी स्वयंपाक सोडून बसून राहिले. माझ्याच पोटात दोघांचं काहीतरी चाललं आहे आणि मला त्यातलं काही कळत नाही.

तुमची पमी


औरंगाबाद
२३ सप्टेंबर १९९६

चि. पमीस,
आशीर्वाद तिघांना.

आठवड्यांचं वाचून जीव थोडा भांड्यात पडला. तरी कागदावर मी माझ्या पद्धतीनं पुन्हा मोजलं. बरोबर आहे.

पाच दिवस झाले, सकाळी सायकल काढून मी चिकलठाण्याला विमानतळाच्या तारेपाशी जाऊन उभा राहतो. एवढं लोखंड आभाळातून येतं आणि चिमणी वळचणीला बसावी तसं बसतं. बसताना चाकांतून धूर निघतो. पाचांपैकी दोनदा ते उडी मारून बसलं, हेही मी पाहिलं. सामान चढवणाऱ्या एकाला विचारलं, गरोदर बाया येतात का. तो म्हणाला, "बाबा, अहो विमानात लेकुरवाळ्याच जास्त. रोज रडणं ऐकतो मी." दाबाचं विचारलं तर म्हणाला, आत हवा भरून झाकण लावतात. म्हणजे बंद टाकीच म्हणायची. बंद टाकीला गळती असली तर काय, असं विचारेपर्यंत तो गाडा ढकलत पुढं गेला.

तुझ्या मायचं ऐकू नको. मी ज्वारीत पालथा पडलो नव्हतो. बाकीचे पालथे पडले. मी वीस वर्षांचा होतो, मी उताणा पडलो. मला पाहायचं होतं. तीन विमानं होती आणि त्यांच्या पोटावर ऊन पडलं होतं. कणसांच्या मधून ती दिसेनाशी होईपर्यंत मी भ्यायचं विसरून गेलो होतो. भीती सगळी मागाहून आली.

रेल्वेनं येऊ नको. जळगावहून त्या रस्त्यानं तर मुळीच येऊ नको. सिल्लोड ठीक, फुलंब्रीही ठीक, पण पुढं चौक्याचा घाट आहे. तो रस्ता तुझ्यासाठी नाही. कारण विचारू नको. आणि विमानाला अजून माझं मन होत नाही.

जेवत जा. दोन घास जास्त नाही, चार घास.

अण्णा


कलकत्ता
५ ऑक्टोबर १९९६

ती. अण्णांना,
विमान नको, रेल्वे नको, रस्ता तर मुळीच नको. मग मी येऊच नको असं सरळ लिहा. वाईट वाटेल, पण कळेल तरी.

मला तुमच्या काळजीची सवय आहे. माझ्या लग्नात मांडवाचा खांब पडेल की काय म्हणून तुम्ही तो इतक्यांदा हलवून पाहिलात की शेवटी तो खरंच सैल झाला. मुंडावळ्या बांधल्या होत्या म्हणून, नाहीतर मी तेव्हाच उठून तुमचा हात धरला असता. पण या खेपेला मांडव माझ्या पोटात आहे, अण्णा. तो नुसता धरून बसता येत नाही. तारखा पुढं चालल्या आहेत.

घाटाचं काय ते नीट सांगा. मी सव्वीस वर्षांची आहे. कारण विचारू नको हे आता पुरे.

हे पत्र उशिरा लिहिते आहे. मध्ये चार दिवस कामामुळं जमलं नाही. दसऱ्याच्या आत मला एक शब्द हवा, हो किंवा नाही.

पमी


औरंगाबाद
१५ ऑक्टोबर १९९६

चि. पमीस,
खांब मी हलवला होता हे खरं आहे. तुझं पत्र दोन दिवस खिशात घेऊन फिरलो. तिसऱ्या दिवशी विमानाचं तिकीट काढलं. तुझं नाही, माझं.

तुझ्या मायला सांगितलं, भाऊबंदांत काम आहे, फुलंब्रीला चाललो, तिथंच मुक्काम करीन. पहाटे उठून दूध कोमट केलं, तुझ्या शाळेच्या डब्यात ओतलं, चमचाभर विरजण लावलं आणि झाकण घट्ट बसवलं. माझा विचार असा, की पोटातलं लेकरू आणि विरजलेलं दूध या दोघांनाही एकच गोष्ट हवी असते, कुणी हलवू नये. विमानातल्या पोरीनं विचारलं, डब्यात काय आहे. मी म्हणालो, दही व्हायचं आहे. ती हसली नाही. "मग मांडीवरच धरा, बाबा," म्हणाली.

विमान पळायला लागलं तेव्हा मी डोळे मिटले. उघडले तर जमीन नव्हती. खाली हर्सूलचं तळं होतं. सदतीस वर्षं मी त्या तळ्याचं पाणी शहराला सोडलं, त्याच्या भिंतीवरून चालून चालून चपला झिजवल्या, आणि ते ओंजळीएवढं होऊन उन्हात चमकत होतं. शेजारी तुरुंग काडेपेटीएवढा. आतली माणसं आणि बाहेरची माणसं, वरून काही फरक कळत नव्हता. मग देवगिरी आला. जन्मभर मान वर करून पाहिलेला किल्ला मी पहिल्यांदा मान खाली घालून पाहिला. पमे, माझे डोळे भरून आले. एवढं सगळं रोज इथंच होतं आणि मी त्यात चाव्या फिरवत होतो.

मुंबईला माझा भाचा नानासाहेब राहतो. त्याच्या खोलीवर दुपारी डबा उघडला. दही असं लागलं होतं की डबा कलता केला तरी कड सुटली नाही. दुसऱ्या दिवशी परत येताना एसटीनं आलो. तसंच दूध, तसंच विरजण, तीच मांडी. घरी येऊन उघडलं तर वर पाणी आणि खाली गुठळ्या. तेव्हा माझा शब्द असा की विमानानं ये.

आता घाटाचं. आमच्या लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली, पण हे मी तुझ्या मायलाही सांगितलेलं नाही.

माझी आई पहिलटकरीण होती. फुलंब्रीहून हर्सूलला, तिच्या माहेरी, बैलगाडीनं निघाली होती. घरच्यांच्या मोजणीनं सातवा महिना होता. त्या साली धोंड्याचा श्रावण आला होता, आणि माझ्या आजीनं तो मोजलाच नाही. धोंड्यात लग्नं धरत नाहीत, तसा पोटातलाही महिना धरायचा नाही अशी तिची समजूत. खरं म्हणजे आठवा सरत आला होता. आणि आत दोघं आहेत, हे तर कुणालाच ठाऊक नव्हतं. चौक्याच्या घाटात गाडीला धक्के बसले आणि कळा सुरू झाल्या. लुगड्याचा आडोसा करून तिथंच तिची सुटका झाली. आधी जो आला तो रडला. मागून मी आलो. मी रडलो नाही. म्हणून मला गेलेला समजून पायाशी ठेवलं आणि सोबतच्या सगळ्याजणी त्याला ऊब देत बसल्या. हर्सूलची वेस येईपर्यंत तो गेला. त्याच वेशीत मी रडलो. माझं नाव कडूबा ठेवलं, मरणाच्या तोंडाला कडू लागावं म्हणून. त्याला नाव ठेवायला वेळच मिळाला नाही.

आईनं हे मला एकदाच सांगितलं, तिच्या शेवटच्या वर्षात. तेव्हा मला कळलं की मी एवढी काळजी का करतो. दोघांच्या वाटची मी एकटाच करतो आहे.

तिकीट काढायला सांग.

अण्णा


कलकत्ता
२४ ऑक्टोबर १९९६

ती. अण्णा,
तुमचं पत्र मी पडून वाचलं आणि हे पडूनच लिहिते आहे. अक्षर वेडंवाकडं आहे ते त्यामुळं.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. काम नव्हतं. ते चार दिवस मी दवाखान्यात होते. पिशवीचं तोंड वेळेआधी सैल पडायला लागलं आहे. डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच सांगितलं की प्रवास नाही. विमान नाही, रेल्वे नाही, जिनासुद्धा नाही. तरी मी तुम्हाला विचारत राहिले. मला वाटलं, तुम्ही भित्रे, तुम्हीच नाही म्हणाल. मग माहेरचं बाळंतपण माझ्यामुळं चुकलं असं होणार नाही. रागावून लिहिलं तेही त्यासाठीच. आणि तुम्ही डबा मांडीवर घेऊन आभाळात जाऊन आलात.

डॉक्टरीणबाई तपासायला घरी आल्या तेव्हा दह्याची गोष्ट मी त्यांना सांगितली. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, वडिलांचं बरोबर आहे, विमानानं दही मोडत नाही. पण तुमचं दही आधीच हललेलं आहे, त्याला आता जागेवर राहू द्या.

तुमच्या भावाचं मी पुन्हा पुन्हा वाचलं. काल दोघांना पहिल्यांदा मी वेगवेगळी हाक मारली. नावं नाहीत, म्हणून एकाला डाव्या आणि एकाला उजव्या म्हटलं. एकालाही विसरायचं नाही असं ठरवलं आहे.

मला माय हवी आहे. पण लेकीला मूल झाल्याशिवाय तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, हे माय किती पाळते ते मला माहीत आहे. चार वर्षांत तुम्ही दोघं एकदाही आमच्या दारी आला नाहीत ते त्यामुळंच. म्हणून मी बोलावत नाही. नुसतं कळवते.

पमी


औरंगाबाद
१ नोव्हेंबर १९९६

चि. पमीस,
तू खोटं लिहिलंस, मी फुलंब्रीला जातो म्हणून मुंबईला गेलो. फिटलं.

तुझं पत्र मी मायला वाचून दाखवलं, माझ्या भावाचा मजकूर तेवढा गाळून. ती उठली, पेटी काढली, लुगडी घातली. मग पुन्हा सगळी बाहेर काढून ठेवली. म्हणाली, "जाईन. पन तिथं पानी कुठलं पिऊ?" एकोणीस वर्षं वाट पाहून तू आम्हाला झालीस. तुझ्या बाबतीत कुठलाही नेम मोडायची तिची छाती होत नाही. एवढी रीत पाळून झालेलं लेकरू आहे, असं तिचं म्हणणं. दोन दिवस पेटी तशीच उघडी पडून होती.

काल सकाळी नळ आला तेव्हा ती घागर भरत होती. मी तिला विचारलं, "हे पाणी कुणाचं?"

"कुनाचं म्हंजे? आपलं."

"आपलं कसं? मी सदतीस वर्षं लोकांच्या घरात पाणी सोडलं. मीटरपर्यंत ते म्युनिसिपालटीचं. कुणी बापाचं म्हणून भांडायला आलं तर मी हेच सांगायचो. कलकत्त्यालाही नळ सरकारचाच असेल. घराबाहेरच्या नळाचं पाणी जावयाचं होत नाही."

तिनं घागर भरू दिली. मग म्हणाली, "आन् खायाचं काय?"

ज्वारीचं पीठ आपलं, तांब्या आपला, स्टोव्ह आपला. रॉकेल विमानात नेऊ देत नाहीत, ते तिथं ती स्वतः विकत घेईल. एवढं ठरल्यावर पेटी पुन्हा भरली गेली.

गुरुवारी निघते आहे. मुंबईला नानासाहेब दुसऱ्या विमानात बसवून देईल. तिच्या गळ्यात तुझा पत्ता लिहिलेलं कार्ड अडकवलं आहे. तिला वाचता येत नाही, पण दाखवता येतं.

मी का येत नाही असं तू विचारशील. मी येणार होतो. तीच म्हणाली, "तुमी हितंच ऱ्हावा. तुमची काळजी पोटातल्यांना ऐकू जाईल."

अण्णा


कलकत्ता
१८ नोव्हेंबर १९९६

ती. अण्णा,
माय येऊन अकरा दिवस झाले. आधी नुसती खुशाली कळवली होती, आता जरा सविस्तर.

विमानतळावर हे घ्यायला गेले तर माय दोन हात जोडून बाहेर आली आणि कार्ड पुढं करत राहिली. "अहो, मी बद्रीनाथ," असं ह्यांनी सांगितलं तरी आधी कार्ड वाचायला लावलं. घरी आल्यावर मी विमानाचं विचारलं. म्हणाली, ढग वरून पाहिले. मग म्हणाली, "आपुन देवाला एवढे बारके दिसतो व्हय? तरी तो एकेकाला कसा वळखत आसंल?"

आमच्या चाळीच्या चौकात नळ आहे. माय तांब्या घेऊन तीन जिने उतरते, भरते, चढते. शेजारच्या बंगाली बायकांना वाटतं, आमच्या घरात पाणी येत नाही. गच्चीकडच्या कोपऱ्यात तिचा स्टोव्ह आहे. तिथं ती एकटी भाकरी खाते आणि तिथूनच माझ्यावर नजर ठेवते. दुपारी माझ्या पोटावर हात ठेवून बसते आणि कोण जागं आहे ते सांगते. डॉक्टरीणबाईंनी घरी आल्यावर यंत्र लावून पाहिलं, बरोबर निघालं.

तुमचं घाटाचं पत्र मी तिला वाचून दाखवलं. रागावू नका. ती पीठ मळत होती, मळतच राहिली. भाकरी थापायला घेताना म्हणाली, "म्हनून ह्ये निजताना एका कुशीला जागा सोडत्यात."

आज बत्तीस आठवडे पूर्ण झाले. मी अजून खाटेवर आहे आणि दोघं अजून आत आहेत. डॉक्टरीणबाई म्हणतात, आता एकेक दिवस मिळेल तो वरकड.

पमी


कलकत्ता
१८ डिसेंबर १९९६

ती. अण्णा,
ह्यांनी तात्यासाहेबांच्या फोनवर सांगितलं ते दोनच वाक्यांचं होतं. दोन्ही मुली, सगळ्या सुखरूप. राहिलेलं मी सांगते.

शनिवारी दुपारी चार वाजून नऊ मिनिटांनी पहिली आली, ओरडतच. मला वाटलं, आता लगेच दुसरी. पण बहिणीची जागा मोकळी झाली तशी ती आत आडवी पसरली. डॉक्टरीणबाईंनी माझ्या पोटावर दोन्ही हात ठेवले आणि बाहेरूनच तिला हळूहळू फिरवायला लागल्या. कणीक मळणाऱ्या हातांसारखे हात होते, पण घाई अजिबात नाही. एक नर्स भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून मिनिटं सांगत होती. अकरा मिनिटं माझी एक मुलगी बाहेर होती आणि एक आत. मी दोन्हीकडे होते. तसं कधी कुणाला वाटलं असेल की नाही, मला माहीत नाही.

मग ती आली, आणि रडली नाही.

मायला दारात उभं केलं होतं. ती कुणाला न विचारता आत आली आणि मराठीतच म्हणाली, "तिला पायाशी नगा ठिवू. तिलाबी ऊब द्या." कुणाला एक शब्द समजला नाही. पण डॉक्टरीणबाई तेच करत होत्या. पाठ चोळत होत्या, टॉवेलात गुंडाळत होत्या, पुन्हा चोळत होत्या. मायनं पहिलीला नर्सकडून घेतलं होतं. ती पोरगी एकसारखी ओरडत होती. आणि मग त्या ओरडण्यात दुसरा एक आवाज मिसळला. आधी मला वाटलं, तीच आहे. डॉक्टरीणबाईंनी वर पाहिलं तेव्हा कळलं.

पहिली सव्वादोन किलो, दुसरी दोनला थोडी कमी. दोघी दूध पितात.

मायनं त्या संध्याकाळी ह्यांच्या हातून पेलाभर पाणी घेतलं आणि बसून, सावकाश, सगळं प्यायली.

पमी


औरंगाबाद
२६ डिसेंबर १९९६

चि. पमीस,
तात्यासाहेबांनी तुझं पत्र वाचायला मागितलं, मी दिलं नाही. अजून माझंच वाचून संपलेलं नाही.

त्यात अकरा मिनिटं असं लिहिलं आहेस. अकरा मिनिटं म्हणजे नेमकी किती, ते मला समजेना. म्हणून आज जेवण झाल्यावर गजराचं घड्याळ घेऊन अंगणात बसलो. चार वाजायची वाट पाहिली. चार वाजून नऊ मिनिटं झाली आणि पाहायला लागलो.

पहिल्या मिनिटात काही वाटलं नाही. तिसऱ्यात समोरच्या बाई धुणं काढून आत गेल्या. पाचव्यात मला वाटलं, घड्याळ बंद पडलं. कानाला लावलं, चालू होतं. सातव्यात मी उठून उभा राहिलो. मग तुला उठता येत नव्हतं हे ध्यानात आलं, म्हणून पुन्हा बसलो. आठव्यात चिकलठाण्याचं विमान आमच्या डोक्यावरून गेलं, आणि पमे, मी वर पाहिलं नाही.

एवढ्या वेळात एक पोरगी या जगात होती. तिला ऊन होतं, आवाज होते, तिच्या आजीचा हात होता. आणि दुसरी तुझ्या पोटात, अंधारात, हात-पाय पसरून बसली होती. दोघींच्या मध्ये चार बोटांचं अंतर. माणूस येतं कुठून हे मला या वयापर्यंत कुणी सांगितलं नाही, आणि अकरा मिनिटं बसूनही कळलं नाही. ते दार किती अरुंद आहे, आणि तुम्ही सगळ्याजणी त्यातून कशा येता-जाता, एवढंच थोडंसं दिसल्यासारखं झालं.

दहावं मिनिट सरता सरेना. अकरावं भरलं तेव्हा डिसेंबरची थंडी असून माझा सदरा पाठीला चिकटला होता. मग घरात गेलो, कोट घातला, दाराला कुलूप लावलं आणि तिकीट काढून आलो. सोमवारचं आहे.

तुम्हा चौघींचा,
अण्णा